ससा, पिल्लू, कोकरू : ईस्टरच्या मॅकरॉनच्या नोंदी

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

संध्याकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवरच ऑर्डर मिळाली. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना ईस्टरला दरवर्षी मार्झिपान मिठाईचं अंडं देतात. यंदा वर्ग घेणाऱ्या बाईंना काहीतरी वेगळं हवंय. "तू मागे फोनवर ते प्राण्यांचे मॅकरॉन दाखवले होतेस ना, तसले कर." ४० मुलं, ४० खोके, प्रत्येकात तीन नग: एक ससा, एक कोंबडीचं पिल्लू, एक कोकरू. ईस्टर २० एप्रिलला.

मी हो म्हणून मोकळी झाले. फोनवर दाखवलेले ते फोटो माझ्या हातच्या मॅकरॉनचे नव्हते, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं.

हिशेब: एका मॅकरॉनला दोन चकत्या, म्हणजे १२० मॅकरॉनला २४०. फुटक्या, तिरक्या, करपलेल्या धरून ३०० तरी घालाव्या लागणार.

घरी आल्यावर दुसरी अडचण लक्षात आली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी गोड सोडलंय. मग चाखणार कोण? सासूबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. रविवारी चाख." मोजून पाहिलं. आजपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले सहा रविवार वजा केले की बरोबर ४०. म्हणजे मला चाखायला सहा रविवार आहेत. वेळापत्रक आपोआप ठरलं: शनिवारी भाजायचं, रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यायचं, रविवारी मिस्सेनंतर निकाल.

८ मार्च, शनिवार

सकाळच्या लोकलने मरीन लाइन्स, तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. सोललेल्या बदामांची पूड दोन किलो, जेल कलर (पिवळा, गुलाबी, तपकिरी), पायपिंग बॅगा, ८ नंबरचं गोल नोझल, बारीक कामाला २ नंबरचं, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर, पाकाचा थर्मामीटर. पाण्यातला रंग मुद्दाम घेतला नाही. या प्रकारात पाण्याचा एक थेंबही शत्रू.

दुकानदाराने विचारलं, "मॅकरून का? नारळाचे?" दर वेळी हाच घोळ होतो. नारळाचा मॅकरून वेगळा. तुतिकोरिनचा काजूचा शंकूसारखा मॅकरून, जो तोंडात टाकला की विरघळतो, तोही वेगळा. माझा तो दोन चकत्या, मध्ये सारण आणि कडेला झालर असलेला. त्या झालरीला बेकर लोक 'पाय' म्हणतात. पाय आले तर मॅकरॉन, नाही तर बिस्किट.

येताना डब्यात उभं राहून बदामाची पिशवी पोटाशी धरली होती. शेजारच्या मावशींनी भाव विचारला आणि पुढे वसईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

९ मार्च, रविवार

शनिवारी भाजायचं ठरवलं होतं, पण काल बाजारातच दिवस गेला. म्हणून पहिली खेप आज.

सोपी म्हणतात ती फ्रेंच पद्धत घेतली. १०० ग्रॅम अंड्याचं पांढरं, १०० ग्रॅम बारीक साखर, १२५ ग्रॅम बदाम पूड, १२५ ग्रॅम पिठीसाखर. पांढरं फेटून ताठ केलं, बदाम-साखर चाळून त्यात घडी घालत मिसळली. उलथन्यावरून मिश्रण न तुटता पट्टीसारखं पडलं पाहिजे, त्या पट्टीने हवेत इंग्रजी आठचा आकडा काढता आला पाहिजे. आला. गोल घातले, तासभर ओट्यावर सुकत ठेवले, ओटीजी (घरातला छोटा ओव्हन) १५० वर, १५ मिनिटं.

४२ पैकी ४२ चकत्यांना वरून तडे. पाय एकालाही नाही. मध्ये पोकळ.

गंमत म्हणजे नान्सीच्या नन्सना हे चाललं असतं. फ्रान्समधल्या त्या शहरात १७९२ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, मठ बंद पडले तेव्हा दोन नन्सनी मॅकरॉन विकून पोट भरलं. तिथल्या एका रस्त्याला आजही त्यांचं नाव आहे. नान्सीचा मॅकरॉन सपाट, एकेरी आणि वरून तडकलेलाच असतो. माझ्या खेपेला मी तेच नाव दिलं. लेकीने त्यातले नऊ खाल्ले.

मुद्दा एवढाच की ओटीजीचा काटा १५० वर आणि आत ठेवलेला थर्मामीटर १७२ दाखवतोय. सहा वर्षं मी याच ओटीजीत केक करतेय. केक बिचारा सोसतो.

१५ मार्च, शनिवार

दुसरी खेप. ओटीजीचा काटा १३० वर ठेवला की आत १५० येतं, हे पक्कं झालं. खालच्या दांड्याची धग थेट लागू नये म्हणून दोन ट्रे एकावर एक ठेवले.

तरी तडे गेलेच. फक्त कमी, १८.

आता दोष कुणाचा ते कळलं. भाजण्याआधी चकतीवर पातळ साय धरली पाहिजे. बोट फिरवलं तर चिकटता कामा नये. साय धरलेली असली की आतली वाफ वरून बाहेर पडू शकत नाही, खालून कडेने निसटते, आणि तेच पाय. साय कच्ची असेल तर वाफ डोकं फोडून बाहेर येते. आमच्याकडे एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी. एक तास पन्नास मिनिटं ठेवूनही बोटाला मिश्रण लागत होतं. नवऱ्याने कुठूनसं आर्द्रता मोजायचं छोटं डबीएवढं यंत्र आणलंय. स्वयंपाकघरात संध्याकाळी पाच वाजता ७४ टक्के.

तेच यंत्र बेडरूममध्ये एसी लावून ठेवलं. अर्ध्या तासाने ४९.

ठरलं. सुकवणं बेडरूममध्ये.

१६ मार्च, रविवार

काल रात्री अकरा वाजता पलंगाच्या कडेला दोन ट्रे, ड्रेसिंग टेबलवर एक, आणि मधे नवरा. एसी 'ड्राय'वर. ३५ मिनिटांत साय धरली. बोट फिरवलं तर थेट कोऱ्या कागदावरून फिरवल्यासारखं. ओटीजीत सरकवले आणि काचेला डोळे लावून बसले. सहाव्या मिनिटाला चकत्या अलगद उचलल्या गेल्या, खाली जाळीदार झालर आली. मी ओरडले. सासूबाई उठून आल्या, त्यांना वाटलं भाजलं.

आजची चव: ठीक. गोड फार. वरून कुरकुरीत आणि आत चिवट हवं, ते आहे. पण पोकळी अजून आहे. पोकळ चकतीवर प्राण्याचा कान चिकटवला तर ती कान घेऊन आत कोसळेल.

१९ मार्च, बुधवार

आज काम काही नाही, बोलणंच झालं. सासूबाईंनी विचारलं, "यात घालतेस तरी काय?" मी सांगितलं: बदाम, साखर, अंड्याचं पांढरं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "मग हे आमचं मार्झिपानच की. तू ते फुगवतेस, आम्ही घोटतो."

खरंच आहे. तेच तीन जिन्नस. त्यांच्या मार्झिपानमध्ये बदामाच्या जागी काजू असायचे, कारण बदाम परवडत नसत; शिवाय गुलाबपाणी. कढईच्या कडा सोडेपर्यंत ढवळायचं, कोमट असताना तूप लावलेल्या हाताने मळायचं आणि रबरी साच्यात दाबायचं. माळ्यावरून साच्यांचा डबा निघाला. अंडी, मासे, एक कोंबडी, आणि एक ससा ज्याचा एक कान साच्यातच तुटलेला. त्या म्हणाल्या, काजू वापरून बघ.

२२ मार्च, शनिवार

काजू वापरून बघितले. निम्मे काजू, निम्मे बदाम. तुतिकोरिनवाले काजूत करतात तर आपल्याला का जमू नये, असा माझा हिशेब होता. पण त्यांचा प्रकार मंद आचेवर तासन्‌तास सुकवतात, आणि त्याला झालर नको असते, गुळगुळीत माथा नको असतो. माझ्या चकत्यांवर तेलाचे डाग उमटले. काजूला तेल लवकर सुटतं, आणि मी मिक्सरही जरा जास्तच फिरवला होता. सासूबाई म्हणाल्या, "चव चांगली आहे पण." चव असेल चांगली. पण डाग पडलेलं कोकरू खरजेचं दिसतं.

२३ मार्च, रविवार

आज इटालियन पद्धत. ही नोंद नीट करून ठेवते, कारण हीच कायम होणार असं दिसतंय.

१५० ग्रॅम बदाम पूड, १५० ग्रॅम पिठीसाखर, दोन्ही एकत्र दोनदा चाळून. ५५ ग्रॅम पांढरं त्यात कच्चंच मिसळून घट्ट गोळा. आणखी ५५ ग्रॅम पांढरं बीटरमध्ये. पातेल्यात १५० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम पाणी, पाक ११८ अंशांवर आला की बीटर चालू ठेवून बारीक धारेने पांढऱ्यावर ओतायचा. गरम पाकाने पांढरं शिजतं, चकचकीत आणि ताठ होतं, आणि दमट हवेतही लवकर ढासळत नाही. हे मेरिंग मग तीन हप्त्यांत गोळ्यात मिसळायचं.

पाक १०९ वर असताना थर्मामीटरची बॅटरी गेली.

बीटर घरघरतोय, पाक उकळतोय, आणि मी ड्रॉवरमध्ये बॅटरी शोधतेय. सासूबाईंनी काही न बोलता वाटीत गार पाणी घेतलं, चमच्याने पाकाचा थेंब त्यात टाकला, बोटांनी चाचपला. "अजून." परत थेंब. "अजून." तिसऱ्या वेळी थेंब पाण्यात न पसरता तळाशी बसला, त्यांनी तो दोन बोटांत उचलून माझ्यासमोर धरला. मऊ, चपटी होणारी गोळी. "ओत आता."

११८ अंश म्हणजे गोळीबंद पाक. मला कुणी आधी असं सांगितलं असतं तर मी थर्मामीटरच घेतला नसता. पुस्तकी बेकिंग आणि घरचा पाक यांचा डोक्यात सांधा जुळायला मला इतकी वर्षं लागली, याची थोडी लाजही वाटली.

५८ चकत्या. एकालाही तडा नाही. उभा छेद दिला तर आतून भरलेल्या.

२९ मार्च, शनिवार

आता आकार. बटर पेपरखाली पेन्सिलने काढलेला साचा ठेवला. पिल्लू सोपं: ४ सेंटीमीटरचा गोल, बस. कोकरूही गोल. ससा म्हणजे वैताग. गोलाच्या वर दोन थेंब घालायचे आणि टूथपिकने ओढून कान लांबवायचे. कान पातळ होतात, लवकर भाजले जातात. गोल शिजेपर्यंत कानांची टोकं तपकिरी. आणि कागदावरून उचलताना दर तिसऱ्या सशाचा एक कान कागदालाच राहतो. माळ्यावरच्या साच्यातला ससा आठवला.

२६ सशांपैकी ११ धड निघाले. ४० हवेत.

पिवळ्या चकत्या वरून करपट दिसतात. पिवळ्यावर तांबूस छटा लगेच उठून दिसते. त्यांना आत १४० ठेवून दोन-तीन मिनिटं जास्त द्यायची.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

शेजारच्या वहिनींकडून श्रीखंड आलं. रविवार असल्याने खाता आलं, देवाची कृपा. मी बदल्यात एककानी ससे पाठवले. वहिनींच्या मुलाने फोन करून विचारलं की हे मांजर का आहे.

५ एप्रिल, शनिवार

सुटका झाली, आणि ती मार्झिपाननेच केली.

कान चकतीला भाजायचेच नाहीत. तिन्ही प्राण्यांच्या चकत्या साध्या गोल. कान, चोच, कोकराचे लोंबते कान, सगळं मार्झिपानचं करायचं आणि वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटच्या टिपक्याने चिकटवायचं. सासूबाईंना विचारलं, तर त्या जणू १९ मार्चपासून वाटच बघत होत्या.

त्यांची पद्धत बघण्यासारखी. वाटाण्याएवढा गोळा तळहातावर फिरवून गव्हाच्या दाण्यासारखा लांबट करतात, मग अंगठ्याच्या नखाने मध्ये एक खोबण पाडतात. झाला कान. खोबणीत काडीने गुलाबी रंगाचा स्पर्श. एका कानाला मोजून सात-आठ सेकंद. माझे कान वांग्यासारखे होत होते. त्यांनी ते गोळा करून परत मळून टाकले. ८० ससेकान, ८० कोकरूकान, ४० चोची: एका दुपारी, टीव्हीवर मालिका बघत.

मार्झिपान काजूचंच. त्या याबाबत बदामावर यायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. सगळे कान आता बेडरूममध्ये ताटात सुकतायत. नवरा म्हणतो, रात्री जाग आली की कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटतं.

६ एप्रिल, रविवार

सारणं ठरवली.

पिल्लात लेमन कर्ड. याचं कारण चवीपेक्षा काटकसर. प्रत्येक खेपेला चार पिवळे बलक उरतात आणि महिनाभर आम्ही पिवळं ऑम्लेट खातोय. लिंबू, साखर, लोणी आणि बलक. पण कर्ड ओलं असतं, चकती विरघळवतं. म्हणून कडेने बटरक्रीमचं कडं घालायचं आणि कर्ड त्या विहिरीत.

सशात सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, आमच्या वसईची. हल्ली मोजकीच घरं करतात. बारीक चिरून, लोण्यावर परतून, थोडी क्रीम घालून घोटली. रंग अगदीच मातकट, पण सारण आत असतं, कोण बघतंय. चव मात्र अशी की मला आजचा रविवार संपू नये असं वाटलं. आतापर्यंतच्या पाच रविवारांत हा सगळ्यात चांगला.

कोकरात पांढऱ्या चॉकलेटचं गनाश, व्हॅनिला घालून. टेट्रापॅकमधली आपली २५ टक्के फॅटची क्रीम पातळ पडते. म्हणून तीन भाग चॉकलेटला एकच भाग क्रीम. दोनास एक करून बघितलं तर कोकराच्या चकत्या एकमेकींवरून घसरत होत्या.

कोकराच्या लोकरीसाठी आधी खोबऱ्याचा कीस चिकटवला. लेक म्हणाली, "हे आजोबा वाटतात." कीस रद्द. २ नंबरच्या नोझलने आयसिंगच्या वळणावळणाच्या रेघा.

चेहऱ्याबाबत माझं मत ठाम आहे: दोन टिपके, बस. गाल, पापण्या, बो, हसू काही नाही. फोटोंत दिसतात त्या नटव्या मॅकरॉनमध्ये निम्मं काम तडे झाकायचं असतं.

९ एप्रिल, बुधवार

लेकीच्या दोन मैत्रिणी अंडं खात नाहीत, आणि त्या ईस्टरला घरी येणार आहेत. त्यांना वगळून खोका देणं बरं दिसत नाही. म्हणून छोले शिजवलेल्या पाण्याचा प्रयोग. हे पाणी पांढऱ्यासारखं फेटलं जातं, हा शोध एका फ्रेंच माणसाने २०१४ मध्ये लावला. आपण किती पिढ्या ते पाणी आमटीत ओततोय.

पाणी आटवून निम्म्याहून कमी केलं, गार केलं, फेटलं. दहा मिनिटं काहीच नाही, मग अचानक फेस ताठ. या खेपेला फ्रेंच पद्धत, कारण ६ नगांसाठी पाक करणं म्हणजे उंदरासाठी डोंगर. ३० चकत्यांपैकी १४ बऱ्या आल्या. १२ हव्यात. पुरे. वास जरासा छोल्यांचा येतो, लेमन कर्डने झाकला असता, पण कर्डमध्ये बलक आहे. म्हणून तिन्ही प्राण्यांत चॉकलेट गनाश. मार्झिपानमध्येही पांढरं आहे हे रात्री अंथरुणावर आठवलं. या सहांचे कान आणि चोची वेगळ्या, बिनअंड्याच्या: नुसते काजू आणि पाक, म्हणजे थोडक्यात काजूकतलीचे कान.

१२ एप्रिल, शनिवार

वेगळं वेळापत्रक, कारण पवित्र सप्ताह आडवा येतो. गुरुवारी संध्याकाळी मिस्सा, शुक्रवारी घरात काहीही गोडधोड करायचं नाही, शनिवारी रात्री जागरणाचा विधी. मुख्य भाजणं सोमवारी, आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे तेव्हा. चकत्या हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये छान राहतात. गुरुवारी सकाळी सारण भरायचं, दोन दिवस मुरेल. शनिवारी कान आणि डोळे.

अंडी आजच फोडून ठेवली, २२. पांढरं झाकून फ्रीजमध्ये, दोन दिवस शिळं झालं की चांगलं फेटलं जातं. बलकांची पातेली बघून सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या काळात उपवासकाळात अंडंही खात नसत. कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नाहीत, ईस्टरपर्यंत टोपल्या भरायच्या. कर्डला दहा बलक ठेवले. बारा बलक नणंदेकडे गेले, तिची सासू गोव्याची. तिने निरोप पाठवला, बिबिंक होईल.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी सहा ते रात्री साडेनऊ. सहा खेपा: दोन पिवळ्या, दोन पांढऱ्या, दोन फिक्या तपकिरी. पाकाच्या थर्मामीटरला नवी बॅटरी होती, तरी प्रत्येक खेपेला वाटीत थेंब टाकला. पाचही वेळा दोघांचं जुळलं. सहाव्या वेळी थर्मामीटर ११४ म्हणत होता आणि सासूबाई म्हणाल्या, "ओत." मी ओतलं. त्या खेपेचं मेरिंग जरा सैल. त्यांना हे मी सांगितलेलं नाही.

चौथी खेप सुकत असताना लेक पलंगावर उडी मारून झोपायला गेली. तिच्या पायाखाली १९ कोकरं.

एकूण ३४० घातल्या, धड २८३.

१७ एप्रिल, गुरुवार

ऑफिसला अर्धा दिवस रजा. जोड्या लावणं हे कामातलं सगळ्यात शांत काम. चकत्या मापाने ओळीत मांडायच्या, वरची-खालची जुळवायची. भरणं साडेतीन तास. १३१ नग झाले, शिवाय बिनअंड्याचे ६, ते वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी. संध्याकाळी मिस्सेला उभं राहिल्यावर हातांना लिंबाचा वास येत होता.

१८ एप्रिल, शुक्रवार (गुड फ्रायडे)

काम नाही. दुपारी तीन तास वीज गेली. फ्रीज कुणीही उघडू नये म्हणून दाराला खुर्ची लावली आणि क्रुसाच्या वाटेला गेलो.

१९ एप्रिल, शनिवार

एक चूक, आणि ती पूर्णपणे माझी.

सकाळी घाईत पहिल्या डब्याचं झाकण फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडलं. गार चकती आणि दमट हवा. मिनिटभरात पिल्लांच्या अंगावर दव जमलं. मला ते दिसलं नाही, मी खाद्य रंगाच्या पेनाने डोळे काढत गेले. बाराव्या पिल्लाला आले आणि मागे वळून बघितलं, तर पहिल्या पिल्लाच्या डोळ्यातून काळा ओघळ चोचीपर्यंत आला होता. ओळीत बसून बारा पिल्लं रडत होती. लेक म्हणाली, "मम्मी, यांना काय झालं?" सासूबाई म्हणाल्या, "काल रडायचं ते आज रडतायत."

डबा बंद ठेवून तासभर बाहेर ठेवायला हवा होता. दव झाकणावर जमतं, मालावर नाही. उरलेले सगळे डबे मग बेडरूममध्ये एसीत, बंद, सव्वा तास. त्यानंतर एकही डोळा पसरला नाही. रडक्या बारांपैकी दोन ओल्या कापसाने पुसून वाचली, दहा बाद. पिवळी ४४ होती, राहिली ३४. खोक्यांत ३८ पिल्लं हवीत, कारण दोन खोके बिनअंड्याचे. चार कमी.

उपाय सासूबाईंचा: रडक्यांतल्या चार धड पिल्लांवर पांढऱ्या आयसिंगने अर्ध्या कवचाची टोपी. नागमोडी कड, खाली चोच. जणू आत्ताच अंड्यातून बाहेर आलंय, डोळे अजून कवचाखाली. खरं सांगायचं तर त्या चार नगांपुढे बाकीची ३४ फिकी वाटायला लागली.

रात्री आठपर्यंत ४० खोके बांधले. जागरणाला उशीर झाला नाही.

२० एप्रिल, ईस्टर

सकाळच्या मिस्सेनंतर पटांगणात वाटप. बिनअंड्याचे दोन खोके घरीच ठेवले होते, मैत्रिणी दुपारी येऊन घेऊन गेल्या. त्यांच्या जागी पटांगणात दोन जादा खोके लागले, ते रडक्या पिल्लांतून आणि मोठ्या माणसांसाठी ठेवलेल्या सशांतून उभे केले. दोन मुलांना रडकी पिल्लं मिळाली आणि त्यांच्यावरून भांडण झालं. सगळ्यांना तीच हवी होती.

मी कडेला उभी राहून बघत होते. जवळजवळ प्रत्येक पोराने आधी कान उपटून खाल्ले, मग डोकं. एक बारका मुलगा कान संपवून बिनकानाचा ससा हातात घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आंटी, नुसते कान आहेत का?" मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. तीत पंधरा-वीस कान होते. मला माहीत नव्हतं.

बाईंनी नाताळचं विचारलंय. ऑक्टोबरमध्ये बोलू, मी म्हणाले.

घरी येऊन चहा ठेवला. ४६ दिवसांनी पहिल्यांदा, रविवार-सोमवार न बघता गोड खाता येणार होतं. डब्यात सहा कोकरं होती, दोन ससे होते, आणि पुडीच्या तळाशी एक कान. कान खाल्ला. गुलाबपाणी थोडं जास्त झालंय.